एकाच बराकीत उतरलेले दोन पाहुणे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याहून कोल्हापूरला रेल्वेनं जाताना मिरज, हातकणंगले, रुकडी मागं पडलं की वळिवडे नावाचं लहानसं स्टेशन येतं. बाहेरगावच्या प्रवाशाचं तिकडं लक्षही जात नाही. सातारा-सांगलीकडच्या माणसाला मात्र हा परिसर चांगला माहीत असतो तो गांधीनगरमुळं. घरात लग्न निघालं की बस्ता बांधायला गांधीनगर, असा आपल्याकडचा जुना रिवाज. कापडाच्या ठोक व्यापाराची ही पेठ वसली कशी, हे विचारायला बस्ता बांधणाऱ्यांना सवड नसते. आज तीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सुरू होते थेट पोलंडपासून.

१९३९ च्या सप्टेंबरात हिटलरनं पश्चिमेकडून आणि स्टॅलिननं पूर्वेकडून पोलंडचे लचके तोडले. पूर्वेकडच्या लाखो पोलिश माणसांना १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात धाडण्यात आलं. थंडी, उपासमार, टायफस यांनी किती गेले याची मोजदाद कठीण. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच चाल केली, तेव्हा समझोता झाला आणि हे लोक सुटले. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक, बायका, मुलं इराणात उतरली. सैनिक युद्धावर गेले. बायकामुलांनी जायचं कुठं? नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला शेकडो अनाथ मुलांना जागा दिली, ते बरंच गाजलं. त्याहून कितीतरी मोठी वस्ती मात्र आपल्या शेजारी झाली. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ मध्ये छावणी उभी राहिली आणि कराची, मुंबई असा प्रवास करत सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथं पोचली. बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं. त्यांतल्या आजाऱ्यांना हवापालटासाठी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला आणलं जाई.

सातारकरांना पोलंडचा माणूस नवा होता असं मात्र नाही. औंध संस्थानात तो आधीच येऊन गेला होता. मॉरिस फ्रिडमन हा वॉर्सातला ज्यू इंजिनिअर. बंगळूरला नोकरीला आला आणि गांधीजींच्या मार्गाला लागला. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत त्याचे स्नेही. राजेसाहेबांनी १९३८ मध्ये सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं, १९३९ मध्ये औंधची स्वराज्याची घटना आली. त्या सगळ्यात या पोलिश माणसाचा हात होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला, तीही त्याच काळातली. पुढं तिबेटी निर्वासित आले तेव्हाही फ्रिडमन त्यांच्या मदतीला धावला. माणदेशातल्या दुष्काळी मुलखानं एका परक्याला आपल्या कारभारात बसवून घेतलं होतं आणि त्याची कुठं दवंडी पिटली नव्हती. माझ्या मते आदरातिथ्याची ही वरची पायरी. पाहुण्याला जेवू घालणं सोपं असतं, त्याचं मत विचारणं अवघड.

आता १९४३ साल आपल्याकडं कसं होतं ते आठवा. वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. जूनमध्ये शेणोलीला रेल्वेचा पगार लुटला गेला, तोही याच पुणे-मिरज लोहमार्गावर. कोल्हापूर संस्थानात त्याच्या आदल्या डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर चालून जाताना सात जणांनी प्राण दिले होते. युद्धामुळं धान्याची टंचाई होती, बंगालात दुष्काळानं माणसं मरत होती. अशा वेळी इंग्रज सरकार गाड्या भरभरून गोरी माणसं आणून नदीकाठी वसवतं. इंग्रजांचे दोस्त म्हणून लोकांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली असती, तर नवल नव्हतं. तसं झालं नाही. राज्यकर्ता गोरा आणि घरदार गमावलेला गोरा यांतला फरक आपल्या माणसांना कळला. तो कुणी शिकवला होता, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, पाच हजारांत बाप्ये फार थोडे आणि बायकापोरंच जास्त, हे पाहिल्यावर वेगळं काही शिकवावं लागलं नसेल.

अर्थात इथं उगाच फुशारकीही नको. छावणीचा खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार आपल्या खात्यावर सोसत होतं. आपण त्यांना पोसलं, असं आजकालच्या सभांतून ऐकू येतं ते पुरतं खरं नाही. आपण दिली ती जागा आणि शेजार. शेजार ही लहान गोष्ट नाही. छावणीत चर्च होतं, दवाखाना होता, प्राथमिक शाळांपासून वरच्या वर्गांपर्यंत शिक्षण पोलिश भाषेत चालत होतं, बालवीरांची पथकं होती, नाटकं होत होती. कौलारू बराकींपुढं बायकांनी फुलझाडं लावली. पोरं पंचगंगेत डुंबत होती. आसपासचे दुकानदार त्यांच्याशी खुणांनी, मग मोडक्यातोडक्या शब्दांनी व्यवहार करू लागले. वांदा दिनोव्स्का ही पोलिश विदुषी १९३५ पासूनच भारतात होती, उमादेवी या नावानं ओळखली जाई. ती या मंडळींसाठी धडपडत राहिली. फ्रिडमन आणि ती, दोघांनी मिळून पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. म्हणजे त्या लोकांनी आपली भाषा, आपला देव, आपले सण सोडावेत अशी अट कुणी घातली नाही.

लहानपणी मोहर्रम सुरू झाला की घरात हिजरतची गोष्ट निघे. इस्लामी सनाचा आरंभच मुळी एका स्थलांतरापासून होतो. मक्केहून मदिनेला आलेले ते मुहाजिर आणि त्यांना घरात घेणारे ते अन्सार, म्हणजे मदतगार. आई सांगायची, अन्सारांनी आपल्यातलं अर्धं काढून दिलं. मी विचारी, “मग त्यांना कमी नाही पडलं?” आई म्हणे, “पडलं असेल की.” या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

पोलिश मंडळी कायमची राहणार नव्हती. १९४५ च्या जुलैत ब्रिटननं त्यांच्या लंडनमधल्या सरकारची मान्यता काढली आणि ही माणसं दुसऱ्यांदा पोरकी झाली. १९४७-४८ मध्ये छावणी हळूहळू रिकामी होत गेली. कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही मायदेशी. काही जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिले, आणि एखाददुसरी मुलगी इथंच सासरी राहिली.

बराकी फार दिवस ओस पडल्या नाहीत. फाळणीनं सिंधमधून उखडलेली हिंदू कुटुंबं त्याच जागी आली. आधीचे पाहुणे ज्या कराचीहून बोटीनं आले होते, त्याच कराचीहून बोटी भरून हेही लोक मुंबईत उतरत होते. वस्तीला गांधीनगर हे नाव मिळालं. ज्यांचं नाव दिलं त्यांची हत्या १९४८ च्या जानेवारीत झाली, आणि त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ब्राह्मणांची घरं जाळली गेली. पिढ्यान्‌पिढ्या इथं नांदलेली कुटुंबं बोचकी बांधून पुण्या-मुंबईकडं निघाली. एकीकडं दूरचे निर्वासित येत होते आणि दुसरीकडं आपणच शेजाऱ्यांना निर्वासित करत होतो. पोलिश छावणीची गोष्ट सांगताना हे पान आपण हळूच उलटतो. मला ते उलटवत नाही.

सिंधी माणसांचं येणं वेगळं होतं. त्यांना परत जायला गावच उरलं नव्हतं. ते राहणार होते, दुकान टाकणार होते, इथल्या व्यापाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्यापेक्षा चार आण्यांनी स्वस्त विकणार होते. असा पाहुणा पचवायला जड जातो. कापडाचे गठ्ठे पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांनी दोन पिढ्यांत केवढी मोठी पेठ उभी केली, आणि तिच्यावर भोवतालच्या गावांतल्या हमालांपासून शिंप्यांपर्यंत किती चुली पेटल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ आहे तो पोलिशांच्या आठवणीचा. २०१९ मध्ये पोलंडचे मंत्री वळिवड्याला आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं. हे सगळं योग्यच झालं. त्या छावणीत वाढलेल्यांनी लंडनमध्ये संघटना काढून आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ केला, हीसुद्धा केवढी कृतज्ञता. मात्र गांधीनगर वसल्याची पन्नाशी किंवा पंचाहत्तरी आपण वाजतगाजत केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. निघून गेलेल्या पाहुण्याचे आपण गोडवे गातो. राहिलेल्याला ‘बाहेरचा’ म्हणायची सवय तिसऱ्या पिढीपर्यंत जात नाही. कोयनेच्या पाण्यात गावं बुडालेल्या आपल्याच माणसांना विचारा, नव्या गावच्या पाणवठ्यावर त्यांना किती वर्षं ‘धरणाचे’ म्हणत होते.

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही गांधीनगरलाच बांधला. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. अब्बांबरोबर एसटीनं गेलो. दुकानदार वयस्कर होते, पांढरा लेंगा-सदरा, मराठी बोलताना मधेच सिंधी हेल. कापड दाखवता दाखवता अब्बांनी विचारलं, “शेठ, तुमच्या आधी इथं गोरे होते म्हणतात, खरं का?”

“होते ना. ते गेले, आम्ही आलो. भिंतीत त्यांचेच खिळे होते, आम्ही त्यांनाच कपडे अडकवले.”

मग पावती लिहिताना नाव विचारलं. अब्बांनी सांगितलं. पेन क्षणभर थांबलं.

“तुमच्यातलं कोणी गेलं का तिकडं?”

“नाही शेठ. आम्ही इथलेच, साताऱ्याचे.”

त्यांनी मान हलवली, पोऱ्याला तीन चहा सांगितले आणि आणखी एक थान उलगडून अब्बांपुढं ठेवलं. “हा रंग बघा,” ते म्हणाले, “धुतला तरी जाणार नाही.”