ऐकून ऐकून शिकलेली भाषा

हॉस्टेलमध्ये आमच्या मजल्याचा एक 'सर्व्हर' होता. म्हणजे कुणीतरी पास आउट होताना सोडून गेलेला जुना पीसी, त्यावर उबुंटू आणि एक शेअर केलेलं फोल्डर. पिक्चर, सबमिशनच्या फाइली, मागच्या वर्षांचे पेपर, सगळं त्यात. एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या प्रोजेक्ट पार्टनरने थेट त्या पीसीवर बसून आमचा रिपोर्ट त्यात टाकला. फाइलचं नाव कॅपिटल 'आर'ने सुरू होणारं. माझी अर्धवट जुनी प्रत तिथेच पडलेली, तेच नाव, फक्त स्मॉल 'आर'ने. माझ्या विंडोज लॅपटॉपवर दोन्ही फाइली दिसत होत्या, पण कोणतीही उघडली तरी जुनीच उघडायची.

रात्री दोन वाजता उलगडा झाला. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं, विंडोजच्या लेखी एकच. मधल्या प्रोग्रामला दोघांची समजूत काढायची होती आणि त्याने एक फाइल निवडली. चूक आमचीच, पण शिव्या खाल्ल्या त्या प्रोग्रामने. त्याचं नाव सांबा. शोलेतला नव्हे, ब्राझीलच्या नाचातला. पुढे नोकरीला लागल्यावर मी त्याचा इतिहास वाचला आणि शिव्या मागे घेतल्या.

डिसेंबर 1991. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत, अँड्र्यू ट्रिजेल नावाचा मुलगा पीएचडी करत होता. त्याच्या डॉसवाल्या पीसीवर त्याला डिजिटल कंपनीचं एक नवं सॉफ्टवेअर चालवून बघायचं होतं. अडचण अशी की ते त्याच कंपनीच्या पाथवर्क्स या नेटवर्कवर चाले, आणि पाथवर्क्सला सर्व्हरही डिजिटलचाच लागे. लॅबमधल्या सन कंपनीच्या मशीनवरची डिस्क मग पीसीला दिसेना. आपण असतो तर 'सपोर्ट नाही' म्हणून सोडून दिलं असतं. त्याला वाटलं, हे दोघे एकमेकांशी बोलतात काय, ते ऐकावं तरी.

तोपर्यंत त्याने नेटवर्कचा एकही प्रोग्राम लिहिलेला नव्हता. काही दिवसांत त्याने एक छोटा हेर लिहिला. पीसी आणि सर्व्हर यांच्यातलं सगळं संभाषण तो टिपून ठेवी. मग पीसीवरून एकेक साधं काम करायचं: फाइल उघड, वाच, फोल्डर बदल. आणि दरवेळी कोणते बाइट गेले, कोणते आले, ते बघायचं. यावरून त्याने सनच्या मशीनवर स्वतःचा सर्व्हर उभा केला. त्यात कितीतरी आकडे त्याने अर्थ न कळता जसेच्या तसे ठेवले होते, कारण मूळ सर्व्हर दरवेळी तेच पाठवायचा. त्यांचा अर्थ कळायला आणखी दोन वर्षं लागली.

तेव्हा त्याला हेही कळलं की ही भाषा फक्त डिजिटलची नाही. ती एसएमबी. आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबॉम यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा पाया घातला होता आणि मायक्रोसॉफ्टने ती पुढे वाढवली होती. म्हणजे त्याचा प्रोग्राम विंडोजशीही बोलू शकत होता. 1993च्या सुमाराला त्याने घरच्या लिनक्स मशीनला बायकोचा पीसी जोडून पाहिला. चाललं! त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. पुढे 'एसएमबी सर्व्हर' या नावावर एका कंपनीने ट्रेडमार्कचा हक्क सांगितला, तेव्हा ट्रिजेलने मशीनमधल्या शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्या यादीत सांबा होता.

ही भाषा शिकण्याची रीत समजावताना ट्रिजेल एका फ्रेंच कॅफेचं उदाहरण देतो. तुम्हाला फ्रेंच येत नाही, तुमच्याकडे पुस्तकही नाही. मग कॅफेत बसा, गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय आणून देतो ते बघत राहा. हळूहळू शब्द लागत जातील.

आता अशा ठिकाणी बग म्हणजे काय? माझ्या ऑफिसात बग म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं वागणारा कोड. पण इथे काय ठरलंय हे कुणी सांगितलेलंच नाही. विंडोज जे करतं तेच बरोबर. कागदावर चूक वाटलं तरी बरोबर, कारण समोरचा लॅपटॉप त्याच चुकीची अपेक्षा धरून बसलेला असतो. म्हणून सांबाच्या लोकांनी चाचण्यांचे असे प्रोग्राम लिहिले, जे विंडोजच्या आणि सांबाच्या सर्व्हरला एकच अगम्य, अचरट मागणी करतात आणि दोघांची उत्तरं शेजारी ठेवून तपासतात. उत्तर वेगळं आलं की सापडला बग. नवं फीचर घालायचं तरी हेच. आधी ऐका, मग बोला.

पण भाषा वाढत होती आणि पुस्तक कपाटात बंद होतं. हे प्रकरण शेवटी युरोपात गेलं. मार्च 2004मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला सुमारे 497 दशलक्ष युरो दंड केला आणि सर्व्हरच्या बोलीची माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितलं. मायक्रोसॉफ्ट अपिलात गेली. तिथे सांबाच्या लोकांनीही आपली बाजू मांडली. सप्टेंबर 2007मध्ये कोर्टाने कमिशनचा निर्णय मुख्यतः कायम ठेवला. प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी असती तर सांबाला त्याचा उपयोगच नव्हता, कारण फुकट वाटलेल्या प्रती मोजणार कोण? अखेर डिसेंबर 2007मध्ये एका संस्थेमार्फत, एकदाच, 10,000 युरो भरून कागदपत्रं मिळाली. कागद गुप्त ठेवायचे, पण ते वाचून लिहिलेला कोड मात्र खुला ठेवता येईल, अशी अट.

डिसेंबर 2012मध्ये सांबा 4.0 आलं, दहा वर्षांच्या कामानंतर. मोठ्या ऑफिसात सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा विंडोजचा सर्व्हर असतो ना, त्याची जागा आता लिनक्सचं मशीन घेऊ शकत होतं. त्याच्या आदल्या वर्षी, 2011मध्ये, खुद्द मायक्रोसॉफ्टमधून सांबासाठी कोड आला होता. वेटर स्वतः टेबलापाशी येऊन शब्द सांगू लागला म्हणायचं.

इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल. पण बग संपत नाहीत. मे 2017मध्ये विंडोजच्या जुन्या एसएमबीतल्या भोकातून वॉनाक्राय जगभर पसरला. त्याच महिन्यात, 24 तारखेला, सांबानेही स्वतःचं एक वेगळं भोक बुजवलं. सर्व्हरकडे एखादी सेवा तिच्या नावाने मागता येते. त्या नावात '/' ही तिरकी रेघ टाकली की नावाचा पत्ता व्हायचा. शेअरवर आधी आपणच ठेवलेली फाइल मग सर्व्हरला प्रोग्राम म्हणून चालवायला लावता येई. उपाय जेमतेम काही ओळींचा: नावात तिरकी रेघ दिसली की नाही म्हणायचं. हे भोक मार्च 2010पासून, म्हणजे सात वर्षं, सगळ्यांना वाचता येणाऱ्या कोडमध्ये पडून होतं.

मला हे वाचून भीती वाटली आणि धीरही आला. भीती अशासाठी की 'कोड खुला आहे' याचा अर्थ 'कुणीतरी वाचलाय' असा होत नाही. आणि पॅच आला तरी घराघरांतल्या स्टोरेजच्या जुन्या डब्यांवर तो घालतं कोण? धीर अशासाठी की चूक कुठे होती, कधी शिरली, कशी काढली, हे सगळं आज कुणीही उघडून बघू शकतं. ऑफिसात मी काढलेल्या बगांबद्दल असं म्हणता येणार नाही.

राउटरला लावलेली हार्ड डिस्क फोनवर दिसते, घरातल्या डब्यावरचे फोटो टीव्हीवर उघडतात, तेव्हा मध्ये बहुतेकदा सांबाच किंवा त्याचंच एखादं भावंड असतं. नीट चाललं तर त्याचं नावही कळत नाही. नाव कळतं ते रात्री दोन वाजता, चुकीची फाइल उघडल्यावर.

त्या रात्री आम्ही जुन्या फाइलचं नाव बदललं आणि नवी उघडली. तो आमचा बगफिक्स. सकाळी सबमिशन झालं.