मळवली गृहबांधणी प्रकल्प
ख्रिस्ती सेवाभावातून आलेल्या स्वयंसेवकांनी आठवडाभर राबून घरे उभारण्याचा महाराष्ट्रातील ठळक उपक्रम. मिलर्ड व लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने लोणावळ्याजवळ २००६ मध्ये तो राबविला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व पत्नी रोझलिन यांच्यासह सुमारे दोन हजार जणांनी १०० घरांच्या कामाला हातभार लावला. अभिनेता ब्रॅड पिटही होता. गाजावाजा अर्थातच त्याचा. पाहुण्यांना थापी-ओळंब्याचा सराव नसतो. ते विटा पुरवितात, कसबाचे काम गवंड्यांकडेच राहते. घर फुकट मिळत नाही: कुटुंबाने स्वतः श्रम करावेत व विनानफा कर्ज हप्त्यांनी फेडावे, ही संस्थेची पद्धत. कार्टर कुटुंबाचा महाराष्ट्राशी संबंध त्याआधीचा: जिमी यांच्या आई लिलियन १९६६-६८ मध्ये पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतर्फे मुंबईतील विक्रोळीत परिचारिका होत्या.