भुकेचे भांडवल
बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तेथे भूत नाही. कर्जाचा कागद पुरेसा आहे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी भयपटाने तेच भय कोकणातील वाड्याच्या तळाशी नेले. काळ १९१८ ते १९४७ चा. हस्तरजवळ सोने अपार, पण धान्याचा कणही त्याला वर्ज्य. विनायक पिठाच्या बाहुलीने त्याची भूक चाळवून मोहरा लुटतो. सावकाराचे तंत्रही हेच होते : दुसऱ्याची भूक हेच भांडवल. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने संपली. लोभाचा वारसा मात्र कायद्याने तुटत नाही. चित्रपटात तो मुलाच्या नकारानेच तुटतो.