ओमेलासच्या तळघरातले मूल

संत थॉमस मोर यांनी १५१६ साली ‘युटोपिया’ हा शब्द घडविला, तेव्हाच त्यात एक चकवा ठेवला होता. ‘उत्तम स्थळ’ आणि ‘कुठेही नसलेले स्थळ’ असे दोन्ही ध्वनी त्यातून उमटतात. त्याच्या उलट टोकाचा ‘डिस्टोपिया’ पुढे विज्ञानकथेने आपलासा केला. त्यातल्या काही कथा मात्र अशा आहेत, की आपण स्वर्गात आहोत की नरकात, हेच वाचकाला ठरविता येत नाही.

कर्ट वॉनेगट यांची ‘हॅरिसन बर्जरॉन’ (१९६१) पाहावी. तिच्यात समतेसाठी बलवानांच्या गळ्यात वजने अडकवतात. ही समतेची थट्टा, की समतेला भिणाऱ्यांची? २००५ साली कॅन्ससमधील शाळांच्या निधीच्या खटल्यात वकिलांनी या कथेचा दाखला दिला, तेव्हा तिचा अर्थ चुकीचा लावल्याचे खुद्द वॉनेगट यांनीच सांगितले.

परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती अर्सुला ले ग्विन यांची १९७३ सालची ओमेलासची कथा. सेलम गावाच्या पाटीवरील नाव उलट वाचून हे नाव सुचले, असे त्या सांगत. ओमेलासमध्ये राजा नाही, गुलाम नाहीत, धर्म आहे, पण धर्मगुरू नाहीत (हे वाचून आम्ही किंचित खाकरलो!). साऱ्या नगराचे सुख मात्र तळघरात कोंडलेल्या एका उपाशी, मळक्या मुलावर अवलंबून आहे. त्याच्याशी प्रेमाचा एक शब्द बोलला, तरी ते सुख संपेल. नगरातील प्रत्येकाला हे ठाऊक असते. बहुतेक जण रडतात आणि हळूहळू सरावतात. थोडे जण एकेकटे वेस ओलांडून निघून जातात.

ही कल्पना विल्यम जेम्स यांच्या १८९१ च्या निबंधातली. ‘ब्रदर्स करमाझोव्ह’मध्ये इव्हान हाच प्रश्न धाकट्या भावाला विचारतो, पण ले ग्विन यांना त्याचा विसर पडला होता. इव्हान विश्वाचे प्रवेशपत्रच परत करतो. जाणारे ओमेलासवासीही तेच करतात. त्यांना थोर मानण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण त्यांच्या जाण्याने तळघराचे दार उघडत नाही, आणि सोबत कोणी मुलाला नेतही नाही.

एन. के. जेमिसिन यांनी २०१८ साली या कथेला उत्तर लिहिले. त्यांच्या नगरात कोणतेही मूल उपाशी नाही. मात्र विषमतेचा विचार बाहेरून आणणाऱ्याला तिथे ठार मारले जाते, आणि त्याच्या पोरक्या मुलीला मारणारेच आधार देतात.