पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनातील कृतज्ञतेचे स्वरूप

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजात ईश्वराचे आभार मानण्यासाठी ‘उपकारस्तुती’ हा शब्द रूढ आहे. अन्न, वस्त्र, आरोग्य ही ऐहिक दाने आणि पापक्षमा, मनःशांती ही आध्यात्मिक दाने यांचा उच्चार तीत एकत्रच होतो. परंतु दान ईश्वराचे मानले तरी ते बहुधा माणसांच्या हातून मिळते. अशा वेळी कृतज्ञतेचे मिंधेपणात रूपांतर होऊ न देता ती कशी जपावी, असा प्रश्न निर्माण होतो. या दृष्टीने पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे चरित्र अभ्यसनीय आहे.

वाँटेजचे ऋण

१८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व बहीण मृत्युमुखी पडले. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास व १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. १८८३ मध्ये त्या कन्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. निवारा आणि श्रद्धा ही दोन्ही दाने एकाच ठिकाणी मिळाली. सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. तथापि त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी त्यांनी शंका उपस्थित केल्या, तेव्हा त्यांनी चर्चच्या अधिकारापुढे नमावे असा आग्रह झाला. या काळातील पत्रव्यवहारात रमाबाईंनी मिळालेल्या मायेची जाण राखली; मात्र सदसद्विवेकबुद्धीवर ईश्वराखेरीज कोणाचीही सत्ता मान्य केली नाही. अंतिम दाता ईश्वर आहे, या श्रद्धेमुळेच मानवी दात्यांपुढे ताठ मानेने उभे राहणे त्यांना शक्य झाले.

दात्याच्या भूमिकेत

बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्यामुळे वाद उद्भवला आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले. वाँटेज येथे रमाबाईंना जो प्रश्न पडला होता, तोच आता त्यांच्या आश्रितांबाबत विचारला जाऊ लागला.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः भोगलेल्या उपासमारीची आठवण यामागील मुख्य प्रेरणा होती. तेथून आणलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रियांमधून केडगावचे मुक्ती सदन आकारास आले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो निराश्रित आल्या. येथे शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई ही कामे शिकविली जात. आश्रितांना केवळ आभार मानणाऱ्या न ठेवता स्वकष्टाने जगण्यास समर्थ करणे, हा त्यामागील हेतू होता.

तथापि मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उपाशी मुलीला धर्माच्या निवडीचे जे स्वातंत्र्य होते, ते वाँटेजमधील विदुषी रमाबाईंच्या स्वातंत्र्याइतके नव्हते, ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनाच्या इंग्रजी शीर्षकात रमाबाईंनी आपल्या श्रद्धेला न संपणारा ठेवा म्हटले. हा ठेवा सामान्य स्त्रियांपर्यंत पोहोचावा म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाला. भुकेल्यांना अन्न व निरक्षरांना ग्रंथ देऊन रमाबाईंनी दोन्ही प्रकारच्या दानांची उतराई केली. त्यांच्या दृष्टीने कृतज्ञता म्हणजे दात्याची अंकितता नव्हे, तर मिळालेले पुढे देण्याचे दायित्व होते.