छापण्यापूर्वीचे ज्ञान

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. रोग प्लेगच की दुसरा काही, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. अफवेला परीक्षक नसतो. शास्त्रीय निबंध मात्र परीक्षकांच्या संमतीवाचून छापला जात नसे.

परीक्षणाआधीच सर्वांपुढे ठेवलेला निबंध म्हणजे पूर्वमुद्रित. जीवशास्त्रातील अशी हस्तलिखिते वाटण्याचा १९६१ चा अमेरिकन प्रयोग नियतकालिकांच्या विरोधामुळे १९६७ साली बंद पडला. २०१३ मध्ये ‘बायोआर्काइव्ह’ने तो मार्ग पुन्हा खुला केला. तेथेच २०२० च्या आरंभी दिल्लीच्या संशोधकांनी कोरोना विषाणूविषयी घाईचा निष्कर्ष मांडला आणि टीका होताच मागे घेतला. चूक उघड झाली, म्हणूनच ती लवकर सुधारली.

साथीच्या दिवसांत जाणत्यांचे मौन अफवेचेच बळ वाढविते. सुरतेने ते भोगले आहे.