ल्यूथरन पंथ

ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट परंपरेतील एक प्रमुख पंथ. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याच्या शिकवणुकीवर तो आधारलेला आहे. पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ल्यूथरने १५१७ मध्ये व्हिटेनबेर्ख येथे ९५ सूत्रे मांडली. त्यांतून उद्‌भवलेल्या वादाचे पर्यवसान रोमच्या चर्चपासून फारकत होण्यात झाले. ऑग्जबर्ग येथे १५३० मध्ये सादर झालेले श्रद्धानिवेदन हा पंथाचा आधारभूत दस्तऐवज होय.

मनुष्य पुण्यकर्मांमुळे नव्हे, तर ईश्वरी कृपेने व केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, हा या पंथाचा गाभा आहे. धर्माच्या बाबतीत बायबल हेच अंतिम प्रमाण असून ईश्वर आणि भक्त यांच्यामध्ये पुरोहितवर्गाच्या मध्यस्थीची आवश्यकता नाही, असे ल्यूथरचे म्हणणे होते. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार त्याने कायम ठेवले. प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस यांसमवेत ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर उपस्थित असते, या मताबद्दल त्याने तडजोड केली नाही. त्यामुळेच १५२९ मध्ये स्विस सुधारक झ्विंग्ली याच्याशी त्याचा समेट होऊ शकला नाही.

जर्मनीतून हा पंथ स्कँडिनेव्हियात पसरला व तेथे राजधर्म बनला. भारतात तो डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या त्सीगेनबाल्ग व प्ल्युचाऊ या जर्मन धर्मोपदेशकांबरोबर १७०६ मध्ये तरंगंबाडी येथे आला. पुढे आंध्र व छोटा नागपूर येथे त्याचा चांगला जम बसला. महाराष्ट्रात मात्र अमेरिकन, स्कॉटिश व अँग्लिकन मिशनांचेच कार्य प्रामुख्याने झाले. नासिकचे मिशनही अँग्लिकन होते. तथापि या चर्च मिशनरी सोसायटीने इंग्रज उपदेशकांच्या अभावी अनेक जर्मन ल्यूथरपंथीयांना सेवेत घेतले होते. वुर्टेम्बर्गचा योहानेस रेबमान त्यांपैकीच एक. पूर्व आफ्रिकेतील रबाई येथे त्याच्या मदतीस १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर इ. तरुण गेले, गुलामगिरीतून सुटलेल्या या आफ्रिकनांचे शिक्षण नासिकजवळच्या शरणपूर येथे झाले होते.

मराठी विचारविश्वात ल्यूथरचे नाव रुजले, ते मात्र मिशनांपेक्षा नासिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्यामुळे. राइझ ऑफ द मराठा पॉवर (१९००) या ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीची तुलना यूरोपीय धर्मसुधारणेशी केली. पुरोहितशाहीस विरोध, देशी भाषेचा पुरस्कार, गृहस्थाश्रमाची प्रतिष्ठा ही साम्ये त्यांनी दाखविली. ती खरी आहेत. ल्यूथरने बायबल जर्मनमध्ये आणले (१५३४) आणि एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका काशीस पूर्ण केली (१५७३), या दोन घटनांत एकोणचाळीसच वर्षांचे अंतर आहे. परंतु ही तुलना फार ताणता येत नाही. ल्यूथरला सॅक्सनीच्या इलेक्टरचे संरक्षण व मुद्रणकलेचे साहाय्य लाभले, तर एकनाथांचा ग्रंथ हस्तलिखितांतूनच पसरला. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात ल्यूथर राजांच्या बाजूने उभा राहिला, आणि राजाश्रयावरच त्याचे चर्च उभे राहिले. वारकरी संतांनी स्वतंत्र धर्मसंस्था स्थापन केली नाही. जातिभेदाविरुद्धचा त्यांचा उपदेश पंढरीच्या वाळवंटात मान्य झाला, तरी गावगाड्यातील व्यवहार बदलू शकला नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये उघडले.